‘निगेटिव्ह मोठी आहे ना, मग लेन्स कुठलीही चालेल’: नाही चालणार

फिल्मकडे नव्याने वळलेल्या मंडळींमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: १२० फिल्म (३५ मिमीपेक्षा रुंद रोल) किंवा ४×५ इंची शीट (सुटी फिल्म) वापरत असाल तर डार्करूमवर पैसे घालवू नका. निगेटिव्ह मुळातच मोठी, तिला फार वाढवावंच लागत नाही, त्यामुळे ती सगळं सांभाळून घेते. ३५ मिमीचा एन्लार्जर (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) घरात असेल तर फक्त कॅरियर, म्हणजे निगेटिव्ह धरणारी चौकट, बदला. ५० मिमीची लेन्स तीच राहू द्या, उलट प्रिंट मोठी येईल. कडा मऊ वाटल्या तर लेन्स एफ-२२ पर्यंत बंद करा, म्हणजे तिचं छिद्र बारीक करा. नवा एन्लार्जर घ्यायचाच असेल तर सरळ ४×५ चा घ्या, त्यात सगळं बसतं. आणि एन्लार्जरची लेन्स मिळत नसेल तर कॅमेऱ्याची लावा.

यातलं एक वाक्य खरं आहे आणि त्याच्या जोरावर बाकीची खपतात. मोठी निगेटिव्ह खरंच बरंच माफ करते. ग्रेन (फिल्मचा कणीदारपणा) दिसत नाही, धुळीचा कण प्रिंटवर डोंगराएवढा होत नाही, लेन्स थोडी सुमार असली तरी दुप्पट-तिप्पट वाढवताना ते कळत नाही. पण हे सगळे दोष वाढवण्याच्या पटीबरोबर फुगणारे आहेत. काही दोष निगेटिव्हच्या आकाराबरोबर फुगतात, आणि तिथे मोठी निगेटिव्ह छोटीपेक्षा जास्त कडक असते. सल्ल्यातले बहुतेक शॉर्टकट नेमके या दुसऱ्या गटात पडतात.

आधी ५० मिमीच्या लेन्सचं पाहू, कारण सर्वांत जास्त कागद तिच्यापायी वाया जातो.

३५ मिमीच्या चौकटीचा कर्ण ४३ मिमी. १२० फिल्मवरची ६×६ सेंटिमीटरची चौकट म्हणजे प्रत्यक्षात ५६×५६ मिमी, कर्ण ७९. ६×७ चा कर्ण ९०, ६×९ चा १०१, आणि ४×५ चा, कॅरियरखाली दबणाऱ्या कडा सोडून, १५३ च्या आसपास. एन्लार्जरच्या लेन्सची फोकल लेंग्थ साधारण कर्णाएवढी ठेवायची, हा जुना हिशेब आहे. म्हणून ३५ मिमीला ५०, ६×६ ला ७५ किंवा ८०, ६×७ ला ९०, ६×९ ला १०५ आणि ४×५ ला १५० (१३५ सुद्धा चालते). ५० मिमीची लेन्स ४३ मिमीच्या वर्तुळासाठी, म्हणजे निगेटिव्हचा तेवढाच गोल भाग नीट झाकण्यासाठी, आखलेली असते. वाढवण्याची पट कमी केली की लेन्स निगेटिव्हपासून थोडी दूर जाते आणि वर्तुळ थोडं मोठं होतं, हे मान्य. पण आठपटीवरून चौपटीवर आलात तर ते ४३ वरून ४८ वर जाईल. ७९ अजून लांब आहे.

बरं, एखादी उदार लेन्स मिळाली आणि तिने तेवढं वर्तुळ झाकलं असं धरू. तरी प्रकाशाचं गणित उरतंच. ६×६ वरून आठ इंची चौकोनी प्रिंट काढायची म्हणजे ३.६ पट. तेव्हा ५० मिमीची लेन्स निगेटिव्हपासून ६४ मिमीवर असते, आणि निगेटिव्हचा कोपरा मध्यापासून ४० मिमीवर. कोपऱ्यातला किरण जवळजवळ ३२ अंशांनी तिरपा येतो. तिरप्या किरणाचा प्रकाश कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणजे कोपऱ्यात मध्याच्या ५२ टक्केच उरतो. जवळपास पूर्ण एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) गेला. तिथेच ८० मिमीची लेन्स लावा: कोन २१ अंशांवर येतो आणि कोपऱ्यात ७५ टक्के प्रकाश मिळतो. ३५ मिमीच्या निगेटिव्हवर ५० मिमीची लेन्सही एवढाच देते, आणि त्याबद्दल कधी कुणी तक्रार केलेली नाही.

हा दोष ओळखायला चकवा देतो. इझलवर, म्हणजे प्रिंटचा कागद धरणाऱ्या पाटावर, पाहिलं तर कोपरे अंधारे दिसतात, प्रिंट मात्र कोपऱ्यांत फिकी येते, कारण तिथे कागदाला प्रकाश कमी पोचलेला असतो. कॅमेऱ्याच्या लेन्सने कोपरे कमी उजळले असतील तर परिणाम उलटा: निगेटिव्ह कोपऱ्यात पातळ आणि प्रिंट गडद. म्हणजे दोन्ही दोष एकमेकांना काही प्रमाणात खोडतात! एखाद्याच्या एखाद्या निगेटिव्हवर चुकीची लेन्स बरी वाटते ती यामुळे, आणि मग ‘माझ्याकडे तर मस्त चालतंय’ ही साक्ष सल्ल्याला चिकटून पुढे जाते. आपल्याकडे बडोद्यात बनलेल्या आग्फा क्लिक थ्रीच्या ६×६ निगेटिव्ह अनेक घरांत पडून आहेत. त्या कॅमेऱ्याची लेन्सच इतकी साधी होती की कोपरे मुळातच मऊ आहेत. तशा निगेटिव्हवर एन्लार्जरच्या लेन्सची परीक्षा घेऊ नये, दोघांवरही अन्याय होतो.

‘प्रिंट मोठी येईल’ हा मुद्दा मात्र फुसका नाही. खांबाची उंची तेवढीच ठेवली तर कमी फोकल लेंग्थची लेन्स जास्त मोठी प्रतिमा देते. पण त्यासाठी वाइड अँगल एन्लार्जिंग लेन्स वेगळ्या बनवल्या गेल्या. रोडेनस्टॉकच्या रोडागॉन-डब्ल्यूए मालिकेत ६×६ साठी ६० मिमी, ६×७ साठी ८० आणि ४×५ साठी १२० मिमी आहे. त्या लेन्स मोठं वर्तुळ झाकण्यासाठीच आखलेल्या आहेत. ३५ मिमीसाठीची ५० मिमी लेन्स त्यांची जागा घेऊ शकत नाही.

आता ‘फक्त कॅरियर बदला’. कॅरियर म्हणजे नुसती निगेटिव्ह धरणारी चौकट. तिच्यावरून येणारा प्रकाश कोण बदलणार? कंडेन्सरचा (दिव्याचा प्रकाश निगेटिव्हवर एकवटणाऱ्या भिंगाचा) व्यास किमान निगेटिव्हच्या कर्णाएवढा तरी हवा. ३५ मिमीच्या एन्लार्जरमधल्या कंडेन्सरखाली ६×६ चे कोपरे उजेडाबाहेरच राहतात. मोठ्या एन्लार्जरवाल्यांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलाय: ओमेगा डी२ मध्ये फॉरमॅटनुसार कंडेन्सर बदलतात, बेसेलर २३सी मध्ये दिव्याचं घर वरखाली करून प्रकाशाचा शंकू जुळवतात. डिफ्यूजन (प्रकाश विखरून टाकणारं) किंवा कलर हेड असेल तर आतली मिक्सिंग बॉक्स, म्हणजे प्रकाश एकसारखा करणारी पेटी, फॉरमॅटप्रमाणे बदलावी लागते. मोठ्या बॉक्सखाली छोटी निगेटिव्ह चालते, फक्त प्रकाश वाया जातो. छोट्या बॉक्सखाली मोठी निगेटिव्ह चालत नाही. जुना एन्लार्जर घेताना मी लेन्सच्या आधी या वस्तू मागून घेतो, कारण लेन्स नंतर कुठेही मिळते, पण एखाद्या मॉडेलची ६×७ ची बॉक्स एकदा हरवली की शोधत बसा.

कंडेन्सर चांगला की डिफ्यूजन, हा वाद इथे थोडक्यात आटोपतो. कंडेन्सरचा सरळ रेषेत येणारा प्रकाश निगेटिव्हमधल्या चांदीच्या कणांवर विखुरतो, दाट भागात जास्त. त्यामुळे प्रिंटचा कॉन्ट्रास्ट साधारण एका ग्रेडने (कागदाच्या कॉन्ट्रास्टची एक पायरी) वाढतो. आंद्रे कॅलिए यांनी १९०९ मध्ये हे मांडलं आणि त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. मोठ्या निगेटिव्हला ग्रेनचा प्रश्न नसतो आणि डिफ्यूजनमध्ये ओरखडे, धूळ कमी दिसते. मी डिफ्यूजनच घेईन. पण हा आवडीचा मामला आहे, चूक-बरोबरचा नाही.

एफ-२२ चा सल्ला सगळ्यात गमतीशीर, कारण तो अर्धा बरोबर आहे. लेन्स बंद करत गेलं की विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) प्रतिमा मऊ होते, आणि हा मऊपणा वाढवण्याच्या पटीबरोबर वाढतो. ३५ मिमीवरून आठपट वाढवताना एफ-२२ वर कागदावरचा प्रत्येक बिंदू सुमारे ०.२७ मिमीचा ठिपका होतो. तो डोळ्याला दिसतो. ४×५ वरून ८×१० काढताना, म्हणजे फक्त दुप्पट, तोच ठिपका ०.०९ मिमीचा, हातात धरून पाहिलं तरी कळणार नाही. तेव्हा मोठ्या निगेटिव्हला एफ-१६ खुशाल वापरा, छोट्या प्रिंटला एफ-२२ सुद्धा. पण कशासाठी? लेन्स बंद केल्याने लेन्सचे दोष झाकतात आणि फोकसला थोडी जागा मिळते. कोसाइनचा हिशेब अ‍ॅपर्चरला जुमानत नाही. कोपऱ्यातला तो एक स्टॉप एफ-२२ वरही गेलेलाच असतो. शिवाय एफ-८ वर दहा सेकंदांचं एक्सपोजर एफ-२२ वर ८० सेकंदांचं होतं, आणि तेवढ्या वेळात दिव्याच्या उष्णतेने निगेटिव्ह फुगून फोकसमधून सरकते.

आता ज्याच्याविषयी सल्ल्यात अवाक्षर नाही, तिथे येऊ. मला विचाराल तर मोठ्या निगेटिव्हचा सगळा खेळ इथे आहे: निगेटिव्ह, लेन्सचं बोर्ड आणि इझल हे तिन्ही एकमेकांना समांतर आहेत का, आणि फिल्म सपाट आहे का.

एन्लार्जरचं हेड (निगेटिव्ह असलेला वरचा भाग) एक अंशाने कलंडलंय असं धरा. ३५ मिमीच्या चौकटीच्या लांब बाजूवर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फरक पडतो ०.६३ मिमी. ४×५ च्या १२० मिमी लांबीवर तोच अंश २.१ मिमीचा फरक करतो. प्रिंटवर दशांश मिलिमीटरचा धूसरपणा चालवून घेतला, तर एफ-८ वर ३५ मिमीवरून ८×१० काढताना निगेटिव्हच्या बाजूला फोकसची सूट मिळते ०.२२ मिमी. ४×५ वरून १६×२० काढताना मिळते ०.५ मिमी. म्हणजे पहिल्या प्रिंटमध्ये सूट जवळपास तिपटीने ओलांडली जाते, दुसरीत चौपटीहून जास्त. पट निम्मी असूनही मोठ्या निगेटिव्हचं नुकसान जास्त! प्रिंटची एक कड कुरकुरीत आणि दुसरी मऊ दिसली की लोक लेन्स बदलतात. लेन्स बिचारी निर्दोष असते. एक छोटी स्पिरिट लेव्हल निगेटिव्हच्या जागी, लेन्सबोर्डवर आणि बेसबोर्डवर ठेवून बघा, दोन्ही दिशांनी. तिन्हीकडे बुडबुडा एकाच जागी यायला हवा. बेसबोर्ड जमिनीशी समांतर नसला तरी बिघडत नाही.

सपाटपणासाठी ६×६ पर्यंत बिनकाचेचा कॅरियर निभावतो. ६×९ आणि ४×५ मध्यभागी झोळ घेतात, तिथे काच लागतेच. काच आली की न्यूटनची वलयं (काच आणि फिल्म टेकतात तिथे उमटणारी कडी) आली, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळी दमटपणात ती जास्त छळतात. फिल्मची गुळगुळीत पाठ वरच्या बाजूला असते, म्हणून अँटी-न्यूटन काच वरती लावायची आणि साधी खाली.

‘सरळ ४×५ चा घ्या’ याला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण घ्यायच्या आधी छत मोजा. निगेटिव्ह ते कागद हे अंतर फोकल लेंग्थ आणि पट यांवरून काढता येतं: पट, तिचा व्यस्तांक आणि दोन यांची बेरीज करून फोकल लेंग्थने गुणायचं. ४×५ वरून १६×२० म्हणजे चौपट, १५० मिमीच्या लेन्सने ९३७ मिमी. त्याखाली ७५ सेंटिमीटरचं टेबल आणि बेसबोर्ड, वर दिव्याचं हेड आणि ते उचलायला जागा. आपल्याकडची डार्करूम बहुधा बाथरूममध्ये असते आणि तिच्या डोक्यावर माळा असतो. सात फुटांखाली हे सगळं बसवताना घाम फुटतो. १२० मिमीच्या वाइड अँगल लेन्सने हेच अंतर ७५० मिमीवर येतं, आणि तिचे जास्तीचे पैसे कुठे वसूल होतात ते तेव्हा कळतं. फक्त १२० फिल्म वापरत असाल तर ६×७ चा डर्स्ट एम ६७० किंवा एलपीएल ७७०० पुरे. ६×६ च्या वर जाणारच नसाल तर मेऑप्टा ओपेमस ६ वजनालाही हलका. आणि ८×१० ची शीट वापरणाऱ्याला एन्लार्जरच लागत नाही: काच, बल्ब आणि कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली. एडवर्ड वेस्टन यांनी आपल्या ८×१० निगेटिव्ह अशाच छापल्या.

कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल फार लिहायची गरज नाही. ती दूरच्या दृश्यासाठी सुधारलेली असते. एन्लार्जरच्या लेन्सला एक सपाट पृष्ठ दुसऱ्या सपाट पृष्ठावर, थोड्या अंतरावरून उतरवायचं असतं. मध्यभागी फोकस केलं की कडा सुटणार.

उरला लेन्सच्या दर्जाचा प्रश्न. तीन काचांची श्नायडर कोम्पोनार किंवा रोडेनस्टॉक रोगोनार दुप्पट-तिप्पटीला दोन स्टॉप बंद करून वापरली तर वाईट नाही. सल्ला इथे अगदीच खोटा ठरत नाही. मात्र सहा काचांच्या कोम्पोनॉन-एस, रोडागॉन किंवा एल-निक्कोर ८० मिमी एफ-५.६ जुन्या बाजारात सहज सापडत असताना तडजोड करायचं कारण मला दिसत नाही. घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि तिरप्या नजरेने पाहा. किनारपट्टीवर वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या लेन्समध्ये बुरशीचे तंतू हमखास असतात. कडेला एखादा असेल तर चालेल, पण सगळी काच धुरकटलेली असेल तर कॉन्ट्रास्ट गेला समजा. आटेही तपासा. ३९ मिमीचे आटे बहुतेक लेन्सबोर्डांवर बसतात, पण रोडागॉन १५० चे ५० मिमीचे आहेत, तिला वेगळं बोर्ड लागतं. ते विकणाऱ्याकडे लेन्सबरोबरच मागून घ्या.