टीव्ही लायसन्स रद्द केलं, त्याबद्दल काकांना उत्तर

काका, नमस्कार.

ब्रिटनमध्ये लाइव्ह टीव्ही पाहायचा तर दरवर्षी लायसन्स फी भरावी लागते आणि त्या पैशांवर बीबीसी चालते. ती फी आम्ही बंद केली, त्याबद्दलच्या ‘आम्ही टीव्ही लायसन्स रद्द केलं’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून उत्तर लिहायला बसले नाही. तुम्ही १९७४ साली लंडनला आलात, आज ऐंशीच्या घरात आहात आणि अजून पूर्ण फी भरता. तुमचे आक्षेप तीन आहेत. महिन्याला पंधरा पौंड वाचवण्यासाठी आमची पिढी बीबीसीवर फुकट जगायला निघाली आहे, हा पहिला. नुकत्याच व्हिसावर आलेल्या मुलामुलींना असले सल्ले देऊन मी त्यांना अडचणीत आणते आहे, हा दुसरा. आणि ‘यूट्यूबवर काहीही पाहा, लायसन्स लागत नाही’ हे माझं वाक्य सपशेल चूक आहे, हा तिसरा.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. ते वाक्य मी लिहायला नको होतं. नियम उपकरणावर ठरत नाही आणि ॲपवरही ठरत नाही. कुठल्याही चॅनलवर जे त्या क्षणी प्रसारित होत आहे ते पाहायचं किंवा रेकॉर्ड करायचं असेल, तर लायसन्स लागतं. मग ते टीव्हीवर पाहा, फोनवर पाहा, नाहीतर यूट्यूबवर पाहा. चॅनल भारतातलं असलं तरी सूट नाही. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे निकाल लागत होते, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात पहाटेपासून मराठी बातम्यांचं चॅनल यूट्यूबवर लाइव्ह चालू होतं. त्या दिवशी आमच्याकडे लायसन्स होतं, म्हणून आम्ही नियमात बसलो. ते नसतं तर तो सरळ गुन्हा ठरला असता. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी घरात सगळ्यांना विचारलं, की लायसन्स रद्द केल्यापासून कुणी काही लाइव्ह लावलंय का. कुणी लावलेलं नाही. लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे आणि बदल केल्याची नोंदही वर टाकली आहे.

आता फुकटेपणाबद्दल. हा शब्द मला लागला, आणि का लागला ते सांगते.

माझ्या लहानपणी आपल्याकडेही रेडिओला लायसन्स लागायचं. तुम्हाला ते पुस्तक आठवत असेल. वर्षाला पंधरा रुपये पोस्टात भरायचे, मग पोस्टमास्तर त्यात तिकीट चिकटवून वर गोल शिक्का मारायचे. आमचं पुस्तक बाबांच्या कपाटात रेशनकार्डाच्या खाली असायचं. १९७८ साली बाबांनी घरातला मर्फी रेडिओ विकला. त्याच आठवड्यात ते सायकल काढून पोस्टात गेले आणि लायसन्स परत करून आले. आई म्हणाली, कोण विचारतंय एवढं? बाबा म्हणाले, रेडिओ नाही तर लायसन्स कशाला, आणि लायसन्स नाही तसं सांगायला लाज कसली? पुढे १९८० च्या दशकात ही लायसन्सं आपल्याकडे बंदच झाली.

मी केलं ते एवढंच. सासूबाई आमच्याकडे होत्या तोवर संध्याकाळच्या मालिका लाइव्ह चालायच्या आणि आम्ही दरवर्षी न चुकता पैसे भरले. २०२५ च्या सुरुवातीला त्या कोल्हापूरला परतल्या आणि टीव्ही गप्प झाला. मुलगा जे पाहतो ते त्याच्या सवडीनं, मागाहून. मी झी५ वर झालेले भाग पाहते. याला लायसन्स लागत नाही. बीबीसीचे कार्यक्रम पाहायचं ॲप, बीबीसी आयप्लेअर, याची गोष्ट वेगळी आहे. १ सप्टेंबर २०१६ पासून त्यावर जुना कार्यक्रम पाहायलाही लायसन्स लागतं, म्हणून ते ॲप आम्ही टीव्हीवरून आणि फोनवरून काढून टाकलं. टीव्ही मात्र भिंतीवर आहे. नुसता टीव्ही घरात असण्याला या देशात लायसन्स लागत नाही.

लेखात मी क्रम लिहिला होता, तो इथे पुन्हा लिहिते, कारण बरेच लोक उलटं करतात. ते आधी बँकेतलं डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय, थांबवतात आणि लायसन्स तसंच चालू राहतं. मग थकबाकीची पत्रं सुरू होतात. आधी टीव्ही लायसन्सिंगला, म्हणजे ही फी गोळा करणाऱ्यांना, कळवून लायसन्स रद्द करायचं, तसं उत्तर आल्यावर डायरेक्ट डेबिटकडे वळायचं. एक पूर्ण महिना जरी शिल्लक असला तरी परताव्याचा अर्ज करता येतो. आम्ही वर्षाचे पैसे एकदम भरले होते, त्यातले उरलेल्या महिन्यांचे परत आले. त्याच वेळी ‘लायसन्सची गरज नाही’ असं लेखी जाहीर करायचं. साधारण दोन वर्षांनी ते पुन्हा विचारतात, आणि मधल्या काळात खातरजमा करायला कुणी दारावर येऊही शकतं. जो माणूस स्वतःहून आपला पत्ता देऊन सांगतो की मी पाहत नाही, हवं तर येऊन विचारा, त्याला चुकवेगिरी करणारा म्हणू नका, काका.

तरीही तुमच्या आक्षेपात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी टाळणार नाही. बीबीसी आम्ही अजून ऐकतो. ४ ऑगस्ट २०२५ ला सकाळी ओव्हलवर सिराजनं ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला, भारत सहा धावांनी जिंकला, समोरच्या टोकाला वोक्स हात गळ्यात बांधून उभा होता, हे सगळं आम्ही रेडिओच्या कॉमेंटरीवर ऐकलं. माझा नवरा ओट्याला धरून उभा होता आणि हातातला चहा गार झाला तरी त्याला पत्ता नव्हता. रेडिओला १ फेब्रुवारी १९७१ पासून लायसन्स लागत नाही, पण त्या कॉमेंटरीचे पैसे लायसन्स भरणाऱ्यांच्या खिशातून येतात, म्हणजे तुमच्याही. बीबीसी मराठीचंही तसंच. २ ऑक्टोबर २०१७ ला ती सुरू झाली ती ब्रिटिश सरकारच्या जादा अनुदानावर, पण ती ज्यात येते त्या बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा मोठा भार २०१४ पासून लायसन्स फीवरच आहे. हे मला खुपतं. कायद्यात मधला रस्ता नाही. लाइव्ह पाहत असाल तर पूर्ण फी (२०२५-२६ मध्ये ती १७४.५० पौंड होती), नाहीतर काहीच नाही. जर्मनीत २०१३ पासून घरटी वर्गणी आहे, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. तशी पद्धत इथे आली तर मी पहिल्या दिवशी भरीन, आणि मला ती आताच्या पद्धतीपेक्षा न्याय्य वाटते. बीबीसीची सध्याची सनद २०२७ अखेर संपते आहे, म्हणजे हे बोलण्याची वेळ आहेच.

आणि आताच्या पद्धतीत मला सगळ्यात जास्त काय बोचतं, ते तुमच्या दुसऱ्या आक्षेपात आहे. तुम्ही म्हणता, नव्या मुलांना हे सांगू नका. मी तो लेख मुळात त्यांच्यासाठीच लिहिला होता.

आमच्या गल्लीत, लंडनजवळच्या स्लाऊला, दोन वर्षांपूर्वी एक मुलगी राहायला आली. नवरा आयटीत, ही डिपेंडंट व्हिसावर, दिवसभर घरी एकटी. भाड्याच्या घरात भारतीय चॅनलांचा बॉक्स आधीपासून जोडलेला होता. दुपारी बेल वाजली म्हणून ती कणकेच्या हातानंच दार उघडायला गेली. दारात गळ्यात ओळखपत्र घातलेला टीव्ही लायसन्सिंगचा माणूस, आणि मागे बैठकीत मालिका लाइव्ह चाललेली, अगदी ऐकू येईल अशी. त्यानं नाव विचारलं, तिनं स्वतःचं सांगितलं. टीव्ही पाहता का विचारलं, तिनं हो म्हटलं. सही मागितली, तिनं पीठ पदराला पुसून सही केली. सगळं झाल्यावर ती माझ्याकडे आली तेव्हा हातपाय कापत होते. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, वीजबिल नवऱ्याच्या नावावर, आणि गुन्हा मात्र हिच्या नावावर लागायची वेळ, कारण दार हिनं उघडलं. लायसन्स त्याच दिवशी घेतलं आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही.

हे तिच्या एकटीचं नशीब नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१९ साली लायसन्सच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या शंभरातल्या ७४ स्त्रिया होत्या. स्त्रिया सर्वांत जास्त संख्येनं दोषी ठरतात असा गुन्हा त्या वर्षी हाच होता. दिवसा घरी जी असते तीच दार उघडते. दंड हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो. बहुतेक खटले एकटा मॅजिस्ट्रेट कागदावरच निकालात काढतो, खुल्या कोर्टात कुणी उभंही राहत नाही. आणि व्हिसाच्या अर्जात शिक्षेबद्दल विचारतात, हे तुम्ही म्हणता ते खरंच आहे.

म्हणून या मुलींना दोन्ही गोष्टी माहीत हव्यात. बॉक्सवर मराठी चॅनल लाइव्ह लागत असेल तर आजच लायसन्स घ्या, उद्यावर टाकू नका. आणि काहीच लाइव्ह पाहत नसाल, आयप्लेअरही वापरत नसाल, तर तसं कळवून ठेवा, मग दारात कुणी आलं तर घाबरू नका. मॅजिस्ट्रेटचं वॉरंट नसेल तर त्यांना आत घेण्याची सक्ती नाही, नम्रपणे नाही म्हणता येतं. विद्यार्थ्यांनीही करार नीट पाहावा. घर सगळ्यांनी मिळून एकाच करारावर घेतलं असेल तर एक लायसन्स पुरतं, पण प्रत्येकाच्या खोलीचा करार वेगळा असेल तर लाइव्ह पाहणाऱ्याला स्वतःचं वेगळं लागतं. लायसन्सच्या नावानं येणारे फसवे ईमेलही बरेच आहेत, त्यातल्या लिंकवर कार्डाचा नंबर कधीच भरू नका.

शेवटचं तुमच्या घराबद्दल, रागावणार नसाल तर. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्वी सरसकट लायसन्स मोफत होतं. १ ऑगस्ट २०२० पासून ते फक्त पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत, मिळणाऱ्यांना मोफत आहे, आणि हक्क असूनही पेन्शन क्रेडिटचा अर्ज न केलेले खूप लोक आहेत. तुम्हाला कदाचित ते लागू नसेल. पण तुमच्या ओळखीत एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, त्यांना विचारून पाहाल का? कुणाची अंध म्हणून नोंद असेल तर त्यांना फी निम्मी आहे. फॉर्म भरायला कुणी हवं असेल तर मला कळवा, शनिवारी मी मोकळी असते.