स्नो कॅटचा पिवळेपणा, सैनिकाची पँट आणि पंपाचं रबर : एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. जी. आय. जो या अमेरिकन खेळण्यांमधले चार सैनिक आणि त्यांचीच स्नो कॅट ही खेळण्यातली गाडी तुम्ही पुण्याहून आमच्याकडे दुरुस्तीला पाठवली. तीन आठवड्यांचं काम अडीच महिन्यांनी हाती आलं, गाडी पूर्ण पांढरी झाली नाही, सैनिकांना नवा रंग दिला नाही, आत 'फवारणी पंपाचं रबर' घातलं, बंदूक डुप्लिकेट दिली आणि वर ३,२०० रुपये घेतले. शेवटी 'खेड्यात बसून पुण्याचे रेट लावतात' असंही लिहिलंत.

रेटचं आधी उरकून टाकतो. आकडा काम हातात घेण्याआधी व्हॉट्सॲपवर कळवला होता, तुम्ही 'ओके' म्हणालात, त्यावर एक रुपया वाढवलेला नाही. पेरॉक्साइड, रेझिन, सिलिकॉन सगळं बाहेरून मागवावं लागतं. दर्यापूर तालुक्यात राहतो म्हणून मला कोणी सवलत देत नाही, उलट वाहतूक वर पडते.

आता गाडी. स्नो कॅट हॅसब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीची, १९८५ ची. मागे रणगाड्यासारखे पट्टे, पुढे चाकं, बाजूला स्कीवरचे टॉर्पेडो. बर्फात चालणारी गाडी वऱ्हाडात दुरुस्तीला येते याचं आमच्या पोट्ट्यांना अजून हसू येतं, पण माल तुम्ही छान जपलाय. तिचा पिवळेपणा मात्र मळ नाही. मळ असता तर निरम्याने गेला असता. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पांढऱ्या प्लास्टिकचा वरचा थर वर्षानुवर्षांत आतून बदलवतात, आणि तो परतवायला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्ट्राव्हायोलेट (यूव्ही) प्रकाश दोन्ही लागतात. सुटे भाग पातळ पेरॉक्साइडमध्ये पूर्ण बुडवून उन्हात ठेवले की रंग सगळीकडे सारखा उजळतो. तुमच्या गाडीचं तसं करता आलं नाही, कारण तिच्यावर मूळचे स्टिकर होते आणि तुमचा मेसेज माझ्याकडे आहे : 'स्टिकर ओरिजिनल आहेत, त्यांना हात लावू नका.' पेरॉक्साइडमध्ये भिजला की जुना स्टिकर फिका पडतो, कडा उचलतो.

म्हणून प्रत्येक स्टिकरवर प्लास्टिकची फिल्म चिकटवली आणि त्याच्या भोवतीने ब्रशने क्रीम लावली. ही तीच बारा टक्क्यांची क्रीम, जी सलूनमध्ये केस रंगवायला वापरतात. ती वाळली की प्लास्टिकवर ढगासारखे डाग पडतात, म्हणून वरून सगळं गुंडाळून ठेवायचं, अधूनमधून उघडून पुन्हा लावायची. बाकी बॉडी चांगली उजळली, पण फिल्मच्या कडेला क्रीम पोचत नाही. तिथे केसाएवढी पिवळी रेघ राहते. तुम्ही फोटोत गोल करून दाखवलेली रेघ तीच. ती घालवायची तर स्टिकर काढावे लागतील. स्टिकर आणि पांढरा रंग दोन्ही शंभर टक्के मिळत नाहीत, हे तेव्हाही लिहून कळवलं होतं, आजही तेच सांगतो. आणखी एक, गाडी खिडकीसमोरच्या शोकेसमध्ये ठेवू नका. पिवळेपणा परत येतो.

वेळेचं म्हणाल तर तीन आठवडे सैनिकांसाठी सांगितले होते आणि सैनिक तेवढ्यात तयार होते. गाडीबद्दल मेसेज होता 'पोळा झाल्यावर, ऊन निघालं की'. पार्सल आलं श्रावणात. आभाळ इतकं भरलेलं की अंगणातले कपडे वाळत नव्हते, तिथे प्लास्टिक काय पांढरं होणार? यूव्ही दिव्यांची पेटी आहे आमच्याकडे, पण पावसाळ्यात इकडे लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि मधेच प्रकाश बंद पडून क्रीम वाळली तर वर सांगितलेले डाग पडतात. शिवाय पोळ्याच्या आधी आमच्या दुकानात तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी दुरुस्तीला येतात. कोणाचं चाक निखळलेलं, कोणाचं शिंग मोडलेलं, कोणाला नवा रंग. ती पोरं सणाच्या दिवशी नंदी ओढत घरोघर जातात, त्यांना 'दसऱ्याला घेऊन जा' म्हणता येत नाही. सैनिक आधी पाठवतो म्हटलं तर 'सगळं एकाच पार्सलमध्ये पाठवा' असा तुमचा आग्रह होता.

'उन्हाळ्यात का नाही, विदर्भात ऊन कमी आहे का' असं कोणीतरी खाली विचारलंय. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात झाकलेल्या डब्यातली पातळ प्लास्टिकची पट्टी वाकते. हे काम हिवाळ्यातल्या दुपारचं.

पँटीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही लिहिलंय की एका सैनिकाची पँट इंटरनेटवरच्या फोटोसारखी नाही, ती 'दुरुस्त' करायला हवी होती. भाऊ, चारातले तीन सैनिक फनस्कूलचे आहेत. फनस्कूल ही एमआरएफ आणि हॅसब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये इथे काढलेली कंपनी. साचे हॅसब्रोचे, पण ओतकाम आणि रंगकाम आपल्याकडचं, आणि आपल्याकडचे रंग अनेकदा अमेरिकेतल्या मालापेक्षा वेगळे निघाले. तुम्हाला चूक वाटते ती पँट कारखान्यातून तशीच बाहेर पडलीय. अंगावर 'मेड इन इंडिया'चा ठसा आहे, भिंगाखाली बघा. या वेगळ्या रंगांसाठी बाहेरदेशातले संग्राहक फनस्कूलचा माल शोधत फिरतात. त्याच्यावर मी अमेरिकन हिरवा फासला असता तर तुमच्याकडे ना धड भारतीय सैनिक राहिला असता, ना अमेरिकन.

गालावरच्या खरचटण्याचंही तेच. कारखान्यात मारलेला डोळ्याचा ठिपका, भुवईची रेघ एकदा माझ्या ब्रशखाली गेली की गेली. पुसून परत आणायची सोय नाही. दुरुस्तीचं काम मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं मूळ रंगकाम मी झाकत नाही. उद्या तुम्हीच ते विकायला काढलंत तर पहिली विचारणा 'पेंट ओरिजिनल आहे का' अशीच येईल.

रबराबद्दल मात्र हसू आलं. या सैनिकांच्या पोटात एक काळी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी असते, कंबरेचा आकडा तिच्यात अडकवलेला असतो. पाठीचा एक स्क्रू काढला की सगळं उघडतं. तुमच्या दोघांचे स्क्रू गंजलेले होते. त्यांच्यावर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवलं आणि सकाळी बरोबर मापाचा स्क्रू-ड्रायव्हर दाबून धरत हळू फिरवला, नाहीतर स्क्रूची फुली झिजते आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नसतं. आत रिंगेचा चुरा झालेला, पाय नुसते लोंबत होते. नवी रिंग कॅलिपरने जाडी मोजून घातली. जाड पडली तर छाती-पाठीची जोड मिटत नाही, सैल पडली तर सैनिक उभा राहत नाही. हो, ती कृषी केंद्रातूनच आणली, नायट्राइल रबराची, फवारणी पंपात लागते तीच. परदेशातून छान पाकिटात मागवली असती तरी रबर तेच, फक्त बिल वाढलं असतं. उभे राहतात ना आता?

बंदूक डुप्लिकेट आहे, बरोबर. मूळची हरवली होती, म्हणून सिलिकॉनचा साचा करून रेझिनमध्ये ओतली, बिलात 'नवीन ओतलेली' असं लिहिलं आणि मुठीखाली बारीक खूण कोरली, म्हणजे पुढे कोणी ती ओरिजिनल म्हणून कोणाच्या गळ्यात मारू नये. आणि काकांनी अमेरिकेहून आणलेल्या चौथ्या सैनिकाला मोडक्या अंगठ्यासाठी दुसऱ्याचा हात लावला नाही, कारण तो १९८२ चा आहे. त्या वर्षीच्या सैनिकांचे हात दंडातून फिरत नाहीत, ती सोय १९८३ पासून आली. फिरता हात लावला असता तर तो १९८२ चा राहिलाच नसता. त्याला तारेची खुंटी घालून एपॉक्सीचा अंगठा केलाय. बंदूक देताना हात आधी कोमट पाण्यात धरा, नाहीतर पुन्हा मोडेल.

तुम्हाला नवंकोरं, रंगीबेरंगी काही हवं असेल तर तेही करतो, हौसेने करतो. पण ते मोडक्या मालावर. धड एकाचं, पाय दुसऱ्याचे, डोकं तिसऱ्याचं, स्क्रू आणि रिंग एकच असल्याने सहज जुळतं. मागे एका तुटक्या सैनिकाचा विजेच्या खांबावर चढणारा लाईनमन केला, आणि छप्पर नसलेल्या जीपची काळी-पिवळी, वर कॅरियर, कॅरियरवर पोती. अशा कामात मनाप्रमाणे रंग सांगा.

स्नो कॅटचे स्टिकर काढायचे ठरलेच तर नवे छापून लावता येतील, जुने वहीत चिकटवून परत देईन. डिसेंबरात पाठवा, गाडी एकटीच पाठवा, आणि काय ते आधी लिहून कळवा. पार्सलवर माझा फोन नंबर ठळक टाका. कुरिअरवाला गावापर्यंत येत नाही, मलाच दर्यापूरला जाऊन आणावं लागतं.