लष्कराच्या भाकऱ्या, ए-फोर साइज

आमच्या सोसायटीत पाणी किती वाजता येईल हे खुद्द पंपवाल्यालाही सांगता येत नाही, पण प्रिंटर कुणाकडे आहे हे वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. मी घरी बसून लोकांचे हिशेब लिहिते, म्हणून घेतला होता. आता तो सार्वजनिक मालमत्ता आहे. मी फक्त त्याची वीज भरते.

"काकू, एकच प्रिंट हवी होती." एक प्रिंट म्हणजे एक फाइल. फाइलमध्ये पानं किती, हे मोजायचं काम काकूंचं.

सगळ्यात भीती शाळेच्या प्रोजेक्टची. तो रात्री साडेदहाला आठवतो. परवा जलचक्र होतं. वर निळं आभाळ, खाली निळा समुद्र, मधे निळे थेंब, आणि आईचा आग्रह की फिकट नको हं, मॅडम मार्क कापतात. माझ्या प्रिंटरच्या पोटात सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा असे चार रंग असतात आणि त्यांची युनियन भलती भक्कम आहे. एक जण संपला की बाकीचे तिघे तुडुंब भरलेले असले तरी काम बंद. सकाळी मला नुसता काळा-पांढरा ताळेबंद काढायचा होता, तर पडद्यावर सूचना: सायन संपला. मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर डोंबिवलीहून लोकलने गेलेला नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "सायन गेलं ना? मग आता माटुंगा येईल, धीर धर."

पैशांचं म्हणाल, तर लोक विचारतात. खोटं कशाला बोलू? "किती झाले?" असं विचारतात आणि माझ्याच तोंडून निघतं, "अहो, काय हे!" मग पैशांऐवजी वाटी येते. कधी शिरा, कधी अळूवडी. आणि वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे माझ्या आईने हाडात भिनवलंय. म्हणजे आधी शाई माझी, कागद माझा आणि वर शेजाऱ्यांच्या वाटीत घालायला गॅससमोर उभीही मीच.

त्यातच माझा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. डॉक्टर म्हणाल्या, चाळिशी ते साठीतल्या बायकांना फार होतो, मधुमेह असेल तर अधिकच. व्यायाम दिला तो दिसायला पोरखेळ: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं चालवत हात वर वर चढवायचा. दुखतो मात्र अस्सल. बोटं जेमतेम कपाळापर्यंत पोचतात तोच बेल वाजते. एकदा हात तसाच वर ठेवून दार उघडलं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला वाटलं काकू टाळी मागताहेत. त्याने दिली. चांगली उडी मारून दिली.

"तू नाही म्हणायला शिक," असं नवरा म्हणतो. सोपं आहे, कारण दार मी उघडते. पण नाही म्हणायचं कुणाला, हाच तर घोळ आहे. ज्यांच्या ऑफिसच्या वाटेवर तीन झेरॉक्सची दुकानं आहेत, ते व्हॉट्सॲपवर फर्मावतात: 'दोन कॉपी, कलर, पाठपोट.' आणि ज्यांना खरंच गरज आहे, ते दारापर्यंत येऊन बेलही वाजवत नाहीत.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचंच घ्या. यजमान रेल्वेत होते, त्यांचं पेन्शन येतं. हयातीचा दाखला द्यायचा महिना नोव्हेंबर, पण ऐंशीच्या पुढच्या केंद्राच्या पेन्शनवाल्यांना १ ऑक्टोबरपासून मुभा असते. २०१४ पासून तो घरबसल्या अंगठा लावून देता येतो, पण आजींच्या अंगठ्यावरच्या रेषा साठ वर्षांच्या राखेने आणि भांड्यांनी केव्हाच घासून नेल्या आहेत. २०२१ पासून मोबाइलला चेहरा दाखवूनही चालतं. आजी पावडर लावून बसल्या. ॲप म्हणालं, डोळ्यांची उघडझाप करा. आजी ढिम्म. फोटो काढताना पापणी हलवायची नाही, ही त्यांच्या लग्नातल्या फोटोग्राफरची ताकीद! सरकारला जिवंतपणाचा पुरावा पापणीत हवा आणि आजी पुतळ्यासारख्या. शेवटी मी त्यांच्या नातसुनेचा विषय काढला, तेव्हा कुठे पापण्या फडफडल्या.

यात तास गेला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. निघताना त्यांनी विचारलं, "खांदा कसा आहे गं?" सबंध सोसायटीत हे त्यांनी एकट्यांनीच विचारलं.

मध्यंतरी प्रिंटर पांढऱ्या रेघा मारायला लागला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, अधूनमधून हेड क्लीनिंग मारत जा, नाहीतर नोझल सुकतं." म्हणजे हा गडी माझी महागाची शाई स्वतःच्याच तोंड धुण्यावर खर्च करतो, उरलेली आतल्या स्पंजात मुरवतो, आणि तेवढा वेळ कुणाचंही पान घेत नाही. नुसता दिवा मिचकावत बसतो. मला आधी राग आला. मग हेवा वाटला.

त्याच संध्याकाळी दारावर कागद लावला: 'प्रिंट ६ ते ७. काळी-पाढरी. कागद आपला आणावा. शाळेचे प्रकल्प रात्री घेतले जात नाहीत. पेन्शनची कामे केव्हाही.' नवऱ्याने चष्मा लावून वाचला. "आपण डोंबिवलीत राहतो," तो म्हणाला, "सदाशिव पेठेत नाही."

दोन घरं रुसली. 'वहिनी हल्ली बदलल्या' असं लिफ्टमध्ये बोललं गेलं. मी लिफ्टमध्येच होते. जलचक्राच्या आईला स्वतःच्या ऑफिसात प्रिंटर असल्याचा शोध लागला. वाट्या थांबल्या, याचं मात्र थोडं वाईट वाटलं. अळूवडी खरंच चांगली असायची.

आणि मग सेक्रेटरींची फाइल आली: 'सदनिकेच्या दारावर विनापरवानगी कागद चिकटवण्यास मनाई आहे.' खाली निरोप: 'वहिनी, सात कॉपी काढून ठेवा, जिन्यात लावायच्यात. घाई नाही, साडेनऊपर्यंत चालेल.'

मी उत्तर पाठवलं: '६ ते ७. कागद आणा.'

पावणेसहाला बेल वाजली. माझी बोटं तेव्हा भिंतीवर कपाळाच्याही वर, आजवर गेली नव्हती तिथे पोचली होती. मी हात खाली घेतला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा बेल. मग बाहेर शांतता, चपला सरकवल्याचा आवाज, आणि बऱ्याच वेळाने दाराच्या फटीतून सेक्रेटरींचा आवाज आला, "वहिनी, 'पांढरी'वर अनुस्वार द्यायचा राहिलाय."