धुरंधर, प्लास्टरचे पुतळे आणि ‘हाताचा कॅमेरा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधरांवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे तीन आक्षेप आहेत. पहिला, धुरंधरांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ‘४१ वर्षं शिकवलं’ हे माझं वाक्य चूक आहे. दुसरा, ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे वर्षानुवर्षं घोटायला लावून त्या शाळेनं मुलांचा ‘हाताचा कॅमेरा’ केला. कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख हॅवेल आणि चित्रकार अवनींद्रनाथ टागोर यांनी पाश्चात्त्य पद्धत सोडून भारतीय कलेकडे वळण्याचं जे धाडस दाखवलं ते मुंबईत कुणी दाखवलं नाही. आणि तिसरा, पोस्टकार्डं आणि पुस्तकांतली चित्रं काढणाऱ्याला इतकं डोक्यावर कशाला घ्यायचं?

पहिला आक्षेप निमूट मान्य. धुरंधर मूळचे कोल्हापूरचे, जन्म १८६७ चा. पहिले धडे त्यांना तिथेच चित्रकार आबालाल रहिमानांकडून मिळाले. १८९० साली ते जे. जे.त आले ते विद्यार्थी म्हणून, आणि निवृत्त झाले १९३१ मध्ये. १९४० साली आलेल्या त्यांच्या आठवणींचं नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ आहे खरं, पण त्या ४१ मध्ये शिकण्याची वर्षंही धरलेली आहेत. मी ती सगळी शिकवण्याच्या खात्यात टाकली. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र बरंच बोलायचं आहे. ‘घोटणं’ हा शब्द तुम्ही वापरलात, पण त्या वर्गात घोटायचे काय, हे सांगितलं नाहीत.

पुतळा पांढऱ्या प्लास्टरचा असतो यालाच कारण आहे. माणूस समोर बसवला की केस काळे, कातडी सावळी, सदरा पांढरा. गडदपणा रंगाचा किती आणि सावलीचा किती, हे नवशिक्याला उलगडत नाही. प्लास्टरला स्वतःचा रंगच नाही. तिथे जो काळेपणा दिसतो तो फक्त पृष्ठभाग उजेडापासून वळल्यामुळे. उजेड एकाच खिडकीचा हवा, एका बाजूनं, वरून तिरपा. दुसरी खिडकी उघडी राहिली की नाकाला दोन सावल्या पडतात आणि गाल सपाट होतो. पुतळ्यापासून त्याच्या उंचीच्या तिप्पट तरी लांब बसायचं, म्हणजे मान न हलवता तो आख्खा नजरेत मावतो. ओळंबा लावून कपाळाच्या मध्यापासून खाली पायाच्या कुठल्या बोटावर रेघ येते ते आधी बघायचं. मग पेन्सिल धरून माप: हात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला. इथे बहुतेकांची हमखास चूक होते. कोपर जरासं वाकलं की पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि तेवढंच डोकं पेन्सिलीवर कमी लांबीत मावतं. वरचं माप ताठ हातानं आणि खालचं वाकलेल्या हातानं घेतलं की पाय आखूड येतात. नवख्यांच्या चित्रात माणसं बुटकी आणि डोकी मोठी दिसतात, त्याचं निम्मं कारण हे कोपर.

त्यानंतर कोळशानं सरळ रेघांत आकार बसवायचा, वळणं नंतर. छायेची कड शोधायची आणि छायेचा सगळा भाग एकाच सपाट करड्या थरानं भरायचा. चुकलं तर पावाचा मऊ गर दाबून कोळसा उचलायचा. घासायचं नाही, कागदाची लव उठते. खरी परीक्षा पुढे असते. हनुवटीखाली, छायेच्या आत, छातीवरून उसळलेला उजेड दिसतो. तिथे टक लावून पाहिलं की बुबुळ अंधाराला सरावतं आणि तो भाग आहे त्यापेक्षा उजळ वाटायला लागतो. मुलगा तो तसाच उजळ काढतो आणि हनुवटी पत्र्यासारखी दिसते. नियम साधा आहे: छायेतला सगळ्यात उजळ भागसुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे. डोळे किलकिले करून पाहिलं की हे लगेच पटतं.

म्हणजे हा वर्ग ग्रीक नाक काढायला शिकवत नव्हता. स्वतःच्या डोळ्यानं केलेली फसवणूक पकडायला शिकवत होता. कॅमेऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही, आणि म्हणूनच त्याला ते येतही नाही.

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते वेगळ्या जागी. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेच्या पद्धतीत, जिच्या धर्तीवर जे. जे. चालत होती, एकच चित्र टोकदार खडूच्या ठिपक्यांनी आठवडेच्या आठवडे गुळगुळीत करत बसायचं खूळ होतं. आकार पहिल्या काही बैठकांत समजलेला असतो. पुढचा वेळ परीक्षकाचा. शिवाय विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग मुंबईत फार उशिरा, ग्लॅडस्टन सॉलोमन जे. जे.चे प्रमुख म्हणून आल्यावर, म्हणजे १९१९ च्या सुमाराला सुरू झाला. तोवर मुलं प्लास्टरवरच अडकलेली. दोष काढायचाच तर इथे काढा. पुतळ्यांत दोष नव्हता, पुतळ्यांपाशीच थांबून राहण्यात होता.

कलकत्त्याचं सांगता, तर तिथली गोष्टही अर्धीच सांगू नका. हॅवेल १८९६ मध्ये तिथे आले, अभ्यासक्रम बदलू लागले, आणि विरोध झाला तो विद्यार्थ्यांकडूनच. रणदाप्रसाद गुप्त यांनी १८९७ मध्ये वेगळी ज्युबिली आर्ट अकॅडमी काढली ती पाश्चात्त्य पद्धतीचं शिक्षण हवं म्हणून; चित्रकार हेमेन मजुमदार पुढे तिथेच शिकले. आणि अवनींद्रनाथ? त्यांनी आधी गिलार्डी आणि पामर या युरोपीय शिक्षकांकडे पेस्टल आणि तैलरंगाचे धडे घेतले होते. पद्धत सोडायला ती आधी हातात असावी लागते. उलट मुंबईतली पोरं १८७२ पासून तेराएक वर्षं जे. जे.तले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रती करत होती, पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. ‘भारतीय कलेकडे पाठ’ हा आरोप इतका सोपा नाही.

आता पोस्टकार्डं. धुरंधरांना १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते तैलचित्राला, ‘आलीस का लक्ष्मी?’ हे ते चित्र. पण माझ्या मते त्यांचं शिक्षण कुठे मुरलं हे पाहायचं तर पदकाच्या चित्रापेक्षा छोट्या कामांकडे जावं: एडवर्ड्सच्या मुंबईवरच्या पुस्तकातली चित्रं, रॉथफेल्डच्या ‘वुमेन ऑफ इंडिया’ मधल्या रंगीत प्लेटा, आणि होय, तुमची ती पोस्टकार्डं. इथे पुतळा नाही, खिडकी नाही. रस्त्यावरची कोळीण चालते आहे आणि ती थांबणार नाही.

नऊवारीचा काष्टा घ्या. कापड पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेलं असतं, त्यामुळे चुण्या खोचलेल्या जागेतून पंख्यासारख्या सुटतात. पाऊल पुढे पडलं की त्या मांडीवर कापड ताणून बसतं, तिथे चुणी जवळपास नसते. सैल पडतं ते गुडघ्यामागे. फोटोवरून उतरवणारा सगळीकडे सारख्या चुण्या घालतो आणि लुगडं पन्हळी पत्र्यासारखं होतं. धुरंधर चुणी धरतात ती आधाराच्या जागी: खांदा, कंबर, गुडघा. बाकी कापड मोकळं सोडतात. हा निवडीचा भाग कॅमेऱ्याला जमत नाही.

गर्दीचंही तसंच. सपाट जमिनीवर उभ्या माणसांचं चित्र असेल आणि पाहणाऱ्याचा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर धरला, तर क्षितिजाची रेघ सवापाच फुटी प्रत्येक माणसाला कपाळाशीच कापते, मग तो दहा पावलांवर असो की शंभर. मागच्यांची डोकी त्या रेघेवर आणि पाय तेवढे वर सरकत जातात. मांडी घालून बसलेल्या माणसाची उंची अडीच फूट धरली तर रेघ त्याच्या डोक्याच्या वर आणखी अडीच फुटांवर जाते. हे सुटलं की मागची माणसं खुजी दिसतात नाहीतर हवेत तरंगतात. छापील कॅलेंडरांतले दरबार पाहा म्हणजे कळेल. शिवराज्याभिषेकासारखा विषय, जिथे शेकडो माणसं काही उभी काही बसलेली आणि एकही मॉडेल हजर नाही, तिथे हा हिशोब डोक्यात तयार असावा लागतो. ज्याला तुम्ही नक्कल म्हणता त्या शिक्षणातून आलेली ही कल्पनेतून रचण्याची ताकद आहे.

राहता राहिला ‘त्यांच्यानंतर काय उरलं’ हा तुमचा शेवटचा टोमणा. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर १९०३ साली जे. जे.त दाखल झाले, १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचे कलावर्ग काढले. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातलं त्यांचं चित्र लोक अजून रविवर्म्याच्या नावावर खपवतात. ते जलरंगातलं आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. ज्योत आधी राखून ठेवायची आणि भोवतालचा अंधार थरावर थर देत, प्रत्येक थर वाळू देत वाढवायचा. ओल्यावर पुन्हा ब्रश फिरला की खालचा थर उठतो आणि अंधार मळका होतो. ज्योतीआडच्या बोटांची लाली तर आधीच ठरवावी लागते, नंतर वरून देता येत नाही. छायेची पातळी पहिल्याच झटक्यात ओळखता आल्याशिवाय हे काम होत नाही, आणि ती ओळख कुठून येते ते वर लिहिलंच आहे.

मूळ चित्रं कुठे बघायला मिळतील असंही तुम्ही विचारलं आहे. साताऱ्याच्या बाजूला औंधला श्री भवानी संग्रहालय आहे, तिथे धुरंधरांची चित्रं आहेत. जाताना एक लांब पट्टी न्या. चित्राला लावू नका, डोळ्यासमोर आडवी धरा आणि उभ्या माणसांच्या कपाळांवरून सरकवत न्या.