राष्ट्रपतींना झोडपावं कसं?

राष्ट्रपतींवर टीका करणं हा या देशातला सगळ्यात बिनधोक छंद आहे. समोरून उत्तर येत नाही, पत्रकार परिषद होत नाही, कार्यकर्ते अंगावर धावून येत नाहीत. फारच झालं तर राष्ट्रपती भवनातून चार ओळींचं निवेदन निघतं, तेही क्वचित. एवढी सोय असूनही आपली मंडळी हे काम इतक्या गबाळेपणाने करतात की बघवत नाही. म्हणून हे मार्गदर्शन. फुकट आहे, घ्या.

निमित्त आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं. पाण्याची टाकी आणि बंद लिफ्ट यांच्यासाठी काढलेल्या त्या ग्रुपवर एका ज्येष्ठ सभासदांनी फोटो टाकला. 31 मार्च 2024 चा. लालकृष्ण अडवाणींच्या घरी त्यांना भारतरत्न देताना राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उभ्या, अडवाणी बसलेले आणि शेजारच्या खुर्चीत पंतप्रधानही बसलेले. खाली मजकूर: ‘बघा, रबर स्टॅम्पची लायकी.’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी एवढंच लिहिलं की पंतप्रधान का बसले ते पंतप्रधानांना विचारा, उभ्या असलेल्या बाईंची यात लायकी कुठून निघाली? पाच मिनिटांत मी ‘अंधभक्त’ झालो. रात्री दुसऱ्या विंगमधले जागे झाले. पंतप्रधानांना प्रश्न विचारा म्हटल्याबद्दल त्यांनी मला ‘चमचा’ केलं. एकाच संदेशावर दोन्ही पदव्या! आणि लिफ्ट अजून बंदच आहे.

तर पहिला धडा. टीका करण्याआधी राष्ट्रपती कोणाचे आहेत ते बघून घ्या. आपल्या बाजूने निवडून आणलेले असतील तर ते ‘घटनेचे रक्षक’, त्यांच्या बाजूने आलेले असतील तर ‘कळसूत्री बाहुली’. हे साधं कोष्टक पाठ नसल्यामुळे आपल्या महाराष्ट्रात फार गोंधळ होतो. 2007 साली प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेना भाजपच्या आघाडीत होती. मराठी माणूस म्हणून मत दिलं प्रतिभाताईंना, आणि आघाडीचा पाठिंबा असलेले भैरोंसिंह शेखावत पडले. 2012 ला पुन्हा आघाडी सोडून प्रणव मुखर्जींना मत. 2022 ला उद्धव ठाकरेंची सेना काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत, पण मत मुर्मूंना. आणि सोबत्यांचे उमेदवार यशवंत सिन्हा, जे एके काळी वाजपेयींचे अर्थमंत्री! अशा परिस्थितीत सामान्य माणसाने कोणाला बाहुली म्हणायचं आणि कोणाला रक्षक, तुम्हीच सांगा. म्हणून म्हणतो, रोज सकाळी उठून आपला पक्ष आज कोणाबरोबर आहे ते पाहावं आणि मगच मोबाइल हातात घ्यावा.

दुसरा धडा: राज्यघटना वाचू नका. वाचलीत तर टीकेतली मजा जाते.

तिसरा धडा सहीचा, आणि इथे जरा वेळ लागेल.

कुठलंही विधेयक मंजूर झालं आणि ते आपल्याला आवडलं नाही की लगेच लिहायचं: ‘सही केलीच कशी?’ 2020 च्या सप्टेंबरात तीन कृषी कायद्यांवर रामनाथ कोविंद यांनी सही केली तेव्हा हेच झालं. वर्षभराने सरकारने कायदे मागे घेतले, त्या रद्द करण्याच्या विधेयकावरही त्याच कोविंदांनी सही केली. तेव्हा कोणी ‘सही केलीच कशी’ म्हणालं नाही. म्हणजे आक्षेप शिक्क्याला नव्हताच, आपल्या कागदावर उमटला नाही याला होता.

आता 74 वं कलम मी सांगणार नाही असं ठरवलं होतं. पण सांगतो. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने लिहूनच टाकलं की राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागलं पाहिजे. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने एवढी फट ठेवली की सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो. पुन्हा तोच आला की मुकाट मान्य करायचा. विधेयकाचंही 111 व्या कलमात तसंच. एकदा परत पाठवा, दोन्ही सभागृहांनी पुन्हा मंजूर केलं की सही. अब्दुल कलामांनी 2006 ला लाभाच्या पदाचं, म्हणजे खासदारांना काही सरकारी पदं सांभाळू देणारं विधेयक परत पाठवलं, संसदेने जसंच्या तसं पुन्हा पाठवलं, कलामांनी सही केली. कलामांनी! ज्यांचे फोटो तुमच्या मुलांच्या खोलीत आहेत, त्यांनी. त्यांनीच 2005 ला मॉस्कोत असताना बिहार विधानसभा बरखास्त करण्याच्या कागदावर सही केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. त्यांना रबर स्टॅम्प म्हणायची हिंमत आहे? नाही ना. तिथे ‘मिसाइल मॅन’. इथे ओडिशातल्या मयूरभंजच्या खेड्यातली बाई आहे, म्हणून तोंड सुटतं.

आणि ही बाई स्टॅम्प आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? झारखंडच्या राज्यपाल असताना, 2017 साली, छोटानागपूर आणि संथाल परगणा कूळ कायद्यांच्या दुरुस्त्या त्यांच्यासमोर आल्या. आदिवासींच्या जमिनी शेतीबाहेरच्या कामाला वापरायची वाट त्यातून मोकळी होत होती. आणणारं सरकार रघुबर दास यांचं, म्हणजे भाजपचं. ज्या पक्षात यांचं सगळं राजकारण गेलं, त्याच पक्षाचं. त्यांनी ते विधेयक परत पाठवलं. सरकारला पुढे माघार घ्यावी लागली. हे तुमच्या ग्रुपवर फिरलं का कधी? नाही फिरणार. त्यात हसणारा चेहरा टाकायला जागा नाही.

समजा, तुमच्या म्हणण्याप्रमाणे राष्ट्रपती सही नाकारायला लागले. दणकून नाकारायला लागले. मग उद्या तुमचं सरकार येईल आणि आत बसलेले राष्ट्रपती त्यांच्या काळातले असतील, तेव्हा काय कराल? हे घडलेलं आहे हो. कलाम वाजपेयींच्या काळात आले आणि तीन वर्षं मनमोहन सिंगांबरोबर राहिले. प्रणवबाबू मनमोहन सिंगांच्या काळात आले आणि तीन वर्षं मोदींबरोबर. दोघांनीही ‘आमच्या पक्षाचं सरकार येईपर्यंत सही नाही’ म्हटलं असतं तर देश चालला असता का? पण नाही, तुम्हाला राष्ट्रपती भवनात विरोधी पक्षनेता हवाय. आपला सत्तेत नसेल तेव्हाच. आपला सत्तेत आला की तिथे पुन्हा शोभेची खुर्ची हवी.

असो. चढलं जरा. मार्गदर्शन चालू ठेवू.

चौथा धडा: अभिभाषणाला हसा. ते सरकार लिहून देतं हे विसरून हसा.

पाचवा धडा: टीका सुचत नसेल तर रूपावर, साडीवर, हिंदीच्या उच्चारांवर घसरा. उमेदवारी जाहीर झाल्यावर रायरंगपूरच्या मंदिरात झाडू मारतानाचा त्यांचा फोटो आला तेव्हा आपल्या सुशिक्षित मित्रांनी जे विनोद केले, त्यांचा नमुना घ्या. ओडिशाच्या पाटबंधारे खात्यात कनिष्ठ सहायक, मग शाळेत शिक्षिका, 1997 ला नगरसेविका, मग आमदार, मंत्री, राज्यपाल... ही चढण चढायला तुमच्या विनोदी मित्रांना सात जन्म लागतील, पण ते सोडा.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी गालात हसू नये. राष्ट्रपतींचा बचाव कसा करावा, याचाही धडा आहे, आणि तो तुम्हाला आधीच तोंडपाठ आहे. कोणताही प्रश्न आला, अगदी सभ्य भाषेत आला, की ‘आदिवासी महिलेचा अपमान’ एवढं म्हणायचं आणि बसायचं. कोलकात्याच्या डॉक्टर तरुणीवरच्या अत्याचारानंतर राष्ट्रपतींनी संताप व्यक्त केला तेव्हा काहींनी विचारलं, मणिपूरमधल्या अत्याचारांबद्दल असा शब्द का नाही? हा प्रश्न विचारण्यासारखा होता. त्याला उत्तर द्यायचं नसेल तर गप्प बसावं. जात-लिंगाची ढाल पुढे करू नये. 2022 च्या जुलैत काँग्रेसच्या अधीर रंजन चौधरींनी ‘राष्ट्रपत्नी’ असं बोलून घाण केली, लेखी माफी मागितली. संसदेत त्यावरून स्मृती इराणी कडाडल्या आणि त्या भरात ‘द्रौपदी मुर्मू, द्रौपदी मुर्मू’ असं नुसतं नाव घेत राहिल्या. मग चौधरींनी लोकसभा अध्यक्षांना पत्र लिहिलं की नावामागे ‘राष्ट्रपती’ किंवा ‘श्रीमती’ का नाही! मान ठेवण्याच्या या स्पर्धेत बाईंचं नाव दोन्हीकडून दोरीसारखं ओढलं गेलं. आणि प्रतिभाताईंच्या वेळी तुम्ही काय बोलत होतात ते आठवा. परदेश दौऱ्यांचा खर्च, निवृत्तीनंतरच्या घरासाठी पुण्यातली ती लष्कराची जमीन, हे प्रश्न रास्त होते, विचारायलाच हवे होते. पण त्यांनी 30 हून अधिक फाशीच्या शिक्षा माफ केल्या म्हणून तुम्ही त्यांना जे काही म्हटलंत, ते? दयेच्या अर्जावरचा सल्ला गृहखात्याकडून येतो. गृहमंत्र्यांचं नाव कोणी घेतलं? तेव्हा ‘मराठी महिलेचा अपमान’ कोणाला सुचला नाही.

सहावा धडा: चांगलं काही झालं तर दुर्लक्ष करा. 26 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाच्या संविधान दिनाच्या कार्यक्रमात मुर्मूंनी लिहिलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि तुरुंगात सडणाऱ्या गरीब कैद्यांबद्दल न्यायाधीशांसमोर हिंदीत बोलल्या. थोड्याच दिवसांत न्यायालयाने जामीन मिळूनही अटींपायी आत अडकलेल्यांची माहिती राज्यांकडून मागवली. बातमी एक दिवस आली. आमच्या ग्रुपवर तर तीही नाही.

सातवा धडा: राष्ट्रपतींना जे खरंच विचारायचं ते कधीच विचारू नका.

म्हणजे कसं, ते घरचं उदाहरण देऊन सांगतो. 23 नोव्हेंबर 2019, पहाटे 5:47. महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. पंतप्रधानांना बैठकीशिवाय निर्णय घेऊ देणारा एक नियम आहे, तो वापरला गेला. कोविंदांना विचारायचं होतं ते तिथे. साहेब, एवढी घाई कसली? एक फेरविचार मागता आला नसता का? के. आर. नारायणन यांनी मागितला होता. 1997 ला गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशातलं कल्याणसिंहांचं सरकार बरखास्त करायची शिफारस केली, ती त्यांनी परत पाठवली. 1998 ला वाजपेयी मंत्रिमंडळाने बिहारमधल्या राबडीदेवींच्या सरकारबद्दल तेच केलं, तीही परत पाठवली. एकदा भाजपचं सरकार वाचलं, एकदा भाजपचं सरकार चिडलं. याला म्हणतात अधिकार वापरणं. तेवढाच आहे, आणि तेवढा पुरतो.

पण त्या पहाटेनंतर आपण काय केलं? दोन दिवस राज्यपाल आणि राष्ट्रपतींना शिव्या घातल्या. त्या पहाटे भाजपबरोबर उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेणारे अजित पवार सव्वा महिन्यात दुसऱ्या बाजूच्या सरकारात पुन्हा उपमुख्यमंत्री झाले, आणि शिव्या घालणाऱ्यांनीच त्यांना हार घातले. सही करणारा नालायक, आणि ज्यांच्यासाठी सही झाली ते दादा!

आता मार्गदर्शन पुरे झालं. सरळच बोलतो.

तुम्ही भित्रे आहात. दोन्ही विंगमधले. निर्णय मंत्रिमंडळ घेतं, विधेयक खासदार मंजूर करतात, सल्ला गृहमंत्री देतात. त्यांच्यातला एक तरी तुमचा लाडका असतो, किंवा तुम्हाला त्याची भीती असते, म्हणून त्याला सोडून तुम्ही त्या एका व्यक्तीवर तुटून पडता जिला उलट बोलायची मुभाच नाही. आणि तिची निवड तुम्ही केलेली नाही, हे तोंड वर करून सांगता. मग केली कोणी? राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य 175 आहे, देशातल्या मोठ्यांपैकी एक. पक्षादेश चालत नाही, मतदान गुप्त असतं. तुमच्या आमदाराने 2022 ला ते मत कोणाला दिलं आणि का दिलं, हे तुमच्यापैकी एकाने तरी त्याला विचारलंय? गेल्या महिन्यात सत्यनारायणाला आला होता की तो. शेजारी उभं राहून फोटो काढलात, तोच फोटो प्रोफाइलला लावलाय. तेव्हा का नाही तोंड उघडलंत?