करणी काढून मिळेल, फक्त ४९.९५ डॉलरमध्ये

संगणकाच्या सुरक्षेचा विषय निघाला की लोक उगाच अभ्यासाला बसतात. चाचण्यांचे निकाल वाचतात, शेजारच्या इंजिनिअर पोराला विचारतात, कंपनी कुठली कोण ते शोधतात. एवढी यातायात कशाला? तुम्ही नुसते बसून राहा. योग्य ते अँटिस्पायवेअर, म्हणजे संगणकात लपून पाळत ठेवणारी स्पायवेअरं हुसकून लावणारं सॉफ्टवेअर, स्वतःच्या पायांनी चालत येईल. तुम्ही साबुदाणा वड्याची कृती शोधत असाल आणि एकदम पडदा लाल होईल, भोंगा वाजेल, आणि मजकूर झळकेल की तुमच्या संगणकात ३४७ धोके सापडले आहेत. अशा वेळी मनापासून घाबरावं. जो घाबरतच नाही त्याचं भलं करायचं तरी कसं?

एखादा शंकेखोर विचारेल, की ब्राउझरमधल्या एका पानाला माझी अख्खी हार्ड डिस्क चार सेकंदांत कशी काय दिसली? अहो, भगत दारात उभा राहूनच सांगतो ना, उंबऱ्याखाली काहीतरी पुरलंय म्हणून? तिथे विचारलंत कधी?

भगताचं नाव मी उगीच घेत नाही. सकाळी खणून काळी बाहुली काढायची तर ती आदल्या रात्री पुरून ठेवावी लागते, हे त्या धंद्यातलं पहिलीच्या इयत्तेचं ज्ञान. २००५ च्या सुमाराला गाजलेला स्पायशेरीफ नावाचा खोटा अँटिस्पायवेअर याच शाळेतला. तो न विचारता घरात शिरायचा, नसलेले रोग दाखवायचा आणि हाकलायला गेलात तर पुन्हा उगवायचा. बाहुली त्याची, कुदळ त्याची, दक्षिणा तेवढी तुमची. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आल्यापासून भगताला जरा बिचकून राहावं लागतं. लाल पडद्याला तशी काही अडचण नाही, आणि बकरंही लागत नाही. कार्ड चालतं.

दक्षिणेवरून आठवलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने स्पायवेअरविरुद्ध नवा कायदा केला आणि त्याखालचा पहिला दावा जानेवारी २००६ मध्ये कुणावर लावला? स्पायवेअर काढून देणाऱ्यावर! ‘स्पायवेअर क्लीनर’ नावाचा तो उतारा ४९.९५ डॉलरला मिळे, आणि स्वच्छ धुतलेल्या संगणकावरही त्याला काही ना काही सापडेच, ही राज्याची तक्रार. वर्ष संपायच्या आत तो विकणाऱ्या न्यूयॉर्कच्या कंपनीने १० लाख डॉलर मोजून मिटवून घेतलं. प्रतिवादींच्या यादीत एक पत्ता चक्क महाराष्ट्रातला होता. आपली माणसं कुठे कुठे पोचली आहेत, याचा अभिमान बाळगायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

नाव निवडताना कानाला भरभक्कम वाटेल असंच घ्या. विनफिक्सर, एररसेफ, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस. चार नावं, चार डबे, आत एकच पीठ. बेलीझमध्ये नोंदलेली आणि युक्रेनच्या कीव्हमध्ये कचेरी थाटलेली एकच कंपनी ही सगळी विकत होती. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने कोर्ट गाठलं, तोवर दहा लाखांवर गिऱ्हाइकं झाली होती. यांची हुशारी मात्र मानली पाहिजे. प्रतिष्ठित कंपन्यांच्या नावाने हे जाहिराती देत. जाहिरात तपासणाऱ्याला सोवळी, साधी जाहिरात दिसे. तुमच्या-आमच्यासारखा पामर आला की तीच जाहिरात अंगात आल्यासारखी घुमू लागे. सप्टेंबर २००९ मध्ये अशीच एक जाहिरात न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावरही घुमली. तेव्हा ‘मी फक्त चांगल्याच साइटवर जातो हो’ असं म्हणणाऱ्यांनी मुळीच निराश होऊ नये. भगत घरपोच येतो.

मोबाइलवाल्यांनाही वंचित ठेवलेलं नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये अँड्रॉइडवर ‘व्हायरस शील्ड’ नावाचं ॲप ३.९९ डॉलरला मिळत होतं. ढालीवर फुली असायची. बोट लावलं की फुलीच्या जागी बरोबरची खूण यायची. बस्स. आत दुसरं काहीही नव्हतं. दहा हजारांवर लोकांनी ते विकत घेतलं, वर भरभरून तारे दिले. मला विचाराल तर या सगळ्या गोतावळ्यात हेच सर्वांत सज्जन सॉफ्टवेअर. फोन मंदावत नव्हतं, काही चोरत नव्हतं, मनाला शांती देत होतं. गूगलने शेवटी पैसे परत केले, वर पाच डॉलर दिले. शांतीचं व्याजच म्हणा ना.

आणि पडद्यावर विश्वास नसेल तर सरळ दुकानात जा. ऑफिस डेपो या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या साखळीत संगणकाची ‘आरोग्य तपासणी’ फुकट होत असे. सुरुवातीला गिऱ्हाइकाला चार प्रश्न: मशीन मंद चालतं का, मध्येच बंद पडतं का, व्हायरसचे इशारे येतात का, नको त्या जाहिराती उगवतात का? एकाला जरी ‘हो’ म्हटलं आणि चौकटीत खूण झाली, की तपासणीत व्हायरसची लक्षणं निघालीच. बाकीचं स्कॅनिंग म्हणजे डमरू. नाडी न बघता निदान करणारा हा कारभार २०१६ पर्यंत चालला, आणि २०१९ मध्ये दुकान व सॉफ्टवेअरवाली कंपनी यांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरले.

आता काही कंटाळवाणी माणसं तुम्हाला भलत्या वाटेला लावतील, त्यांच्यापासून सावध राहा. ती सांगतील की विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर नावाचा पुरता अँटिव्हायरस विंडोजमध्ये फुकट बसलेला आहे. तो चालू ठेवा आणि अपडेट येतील तसे घ्या. फुकट! आणि वर गप्प! महिनोन् महिने एक शब्द बोलत नाही. असल्या रखवालदाराचा काय भरवसा? भोंगा नाही, लाल पडदा नाही, शेजाऱ्याला सांगण्यासारखं तर काहीच नाही.

विकतचंच हवं असेल तर हीच माणसं म्हणतील, अँटिव्हायरसांची परीक्षा घेणाऱ्या संस्थांचे, म्हणजे जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या एव्ही-टेस्टचे नाहीतर ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्जचे, निकाल बघा. किंवा क्विक हीलसारखं काही घ्या, पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून उभं राहिलेलं. ज्या कंपनीला पत्ता आहे, जिच्या दारात जाऊन भांडता येतं, तिच्यात कसला आलाय थरार? भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची फुकट साधनं २०१७ पासून आहेत, तीही सुचवतील. अर्थात खऱ्यांनाही सोवळ्यात बसवायला नको. अवास्ट या अँटिव्हायरसवाल्या कंपनीने आपल्याच वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा तपशील विकला म्हणून २०२४ मध्ये त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलरचा भुर्दंड बसला. कुंपण शेत खातं ते असं. पण म्हणून कुंपणच नको आणि थेट बैलच दारात बांधतो, असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला माझा पत्ता द्या.

तर, भोंगा वाजतो आहे. ब्राउझर बंद करू नका, अडलेला प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरकडे तर बघूसुद्धा नका. कोपऱ्यातली फुली दाबलीत तरी चालेल, तिच्याही पोटात बहुधा ‘होय, बसवा’ असंच असतं. कार्ड काढा, पालथं करा, मागचे तीन आकडे नीट वाचून भरा. झालं! ३४७ पैकी ३४६ धोके गेले. उरलेला एक फार चिवट आहे म्हणतात, त्याला उतारा वेगळा. तो वार्षिक वर्गणीत येतो.