‘डोळ्यांवर पट्टी बांधा’ म्हणणाऱ्या वाचकांस उत्तर

काचेच्या निर्वात नळ्यांवर म्हणजे ट्यूबवर चालणाऱ्या आणि ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या म्हणजे सॉलिड स्टेट गिटार अ‍ॅम्प्लिफायरांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर ‘एक इंजिनिअर’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिच्यातले मुख्य वाक्य असे: “डोळ्यांवर पट्टी बांधली तर या ट्यूबभक्तांना ट्यूब कोणती आणि ट्रान्झिस्टर कोणता हे सांगता येणार नाही, सारा खेळ काचेतल्या नारिंगी उजेडाचा आहे.” त्यापुढे सम हार्मोनिकांमुळे (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनसंख्येच्या उपस्वरांमुळे) ट्यूब गोड वाजते ही गोष्ट भाकडकथा असल्याचे, अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग सॉलिड स्टेट अ‍ॅम्पवर वाजवत असल्याचे, आणि ट्यूब अ‍ॅम्प महाग, जड व नाजूक असल्याचे मला ऐकवण्यात आले आहे.

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्या लेखात मी रोलंडच्या जॅझ कोरस १२० या निखळ ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला स्वच्छ आवाजासाठी पहिली पसंती दिली आहे, त्याच्या लेखकाला एका ओळीत भक्तांच्या रांगेत उभे करायचे असेल, तर लेख अर्ध्यावर सोडण्याची तयारी लागते. आपण ती दाखवली आहे. तांत्रिक शिक्षण झालेल्या माणसाकडून मी मुद्द्याची अपेक्षा करतो, टोमण्याची नाही; आणि टोमणाच मारायचा असेल तर तो स्वतःच्या नावाने मारावा, एवढा जुना शिष्टाचार पाळायला हरकत नसावी.

सम हार्मोनिकांविषयी आपले म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पुश-पुल रचनेच्या आउटपुट स्टेजमध्ये, म्हणजे स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या ज्या शेवटच्या टप्प्यात दोन बाजू आळीपाळीने काम करतात तिथे, दोन्ही बाजू जुळलेल्या असतील तर सम हार्मोनिके ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडतात, आणि फेंडर, मार्शल व व्हॉक्स यांचे बहुतेक गाजलेले अ‍ॅम्प पुश-पुलच आहेत. ‘ट्यूब म्हणजे सम हार्मोनिके, म्हणून गोडवा’ हे जाहिरातीतले गणित मी लेखात मांडलेच नव्हते. ते आपण दुसऱ्या कुणाच्या लेखातून आणून माझ्या माथी मारले आहे.

आता पट्टीकडे वळतो, कारण आपली सगळी ऐट त्याच वाक्यावर उभी आहे. चाचणी कोणाची घ्यायची, हे आपण सांगितलेले नाही. खोलीत बसून दुसऱ्याने वाजवलेले रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याची घ्यायची असेल, तर तो फसेल हे मी आत्ताच लिहून देतो. वाजवणाऱ्याची घ्यायची असेल, तर त्याच्या कानाइतकाच त्याचा उजवा हातही त्या चाचणीत असतो, आणि त्या हाताला अ‍ॅम्पकडून काय परत मिळते याची कारणे उजेडात नाहीत, सर्किटमध्ये आहेत.

बारा इंची गिटार स्पीकरवर आठ ओहम रोध (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) लिहिलेला असला तरी तो सर्व स्वरांना आठ ओहम राहत नाही. त्याच्या अनुनादाच्या जागी, म्हणजे ढोबळमानाने ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास, त्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो, आणि उंच स्वरांत स्पीकरमधल्या तारेच्या गुंडाळीच्या (व्हॉइस कॉइलच्या) इंडक्टन्समुळे तो पुन्हा चढत जातो. भरपूर निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही अंश उलटा करून मागे देणे) असलेल्या नेहमीच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा आउटपुट रोध एका ओहमच्याही कितीतरी खाली असतो, त्यामुळे स्पीकरचा रोध कितीही हेलकावला तरी तो आपले व्होल्टेज सोडत नाही. उलट १९५९च्या सुमारास आलेल्या व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ पॉवर ट्यूब आहेत आणि आउटपुटपासून मागे येणारा निगेटिव्ह फीडबॅक नाही. तिथे आउटपुट रोध मोठा असल्याने स्पीकरचा रोध जिथे वाढतो तिथे व्होल्टेजही वाढते, तळ फुगतो, माथा उजळतो, आणि स्पीकर जणू सर्किटचाच एक भाग होऊन बसतो. ट्रान्झिस्टर वापरूनही करंट फीडबॅकने (व्होल्टेजऐवजी स्पीकरमधला प्रवाह मोजून मागे देऊन) आउटपुट रोध मुद्दाम वाढवता येतो आणि काही सॉलिड स्टेट अ‍ॅम्पमध्ये तो वाढवलेला असतो. हे आपल्याला ठाऊक असते, तर प्रतिक्रिया इतकी ठसक्यात लिहिली गेली नसती.

पॉवर सप्लायचेही तसेच. फेंडरच्या पन्नाशीच्या दशकातल्या ट्वीड डिलक्समध्ये ट्यूब रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) आहे. जोरात कॉर्ड मारला की करंटची मागणी वाढते, रेक्टिफायरवर व्होल्टेज पडते, सुरुवातीचा आघात दबतो आणि मग आवाज मागून फुलत येतो. हात तो दबाव ओळखतो आणि त्याला धरूनच पुढचा स्वर ठरवतो. फेंडरच्याच ट्विन रिव्हर्बमध्ये ट्यूब असूनही डायोड रेक्टिफायर आणि निगेटिव्ह फीडबॅक आहे, म्हणून तो या बाबतीत डिलक्सपेक्षा जॅझ कोरसच्या जवळ जातो. ट्यूब आणि ट्रान्झिस्टर अशी सरळ भिंत मी घातलेली नाही. ती आपल्या पट्टीच्या प्रयोगाला लागते.

आपण मला अनुभव विचारलेला नाही, तरी सांगतो. कॉलेजच्या दिवसांपासून मी पुण्यातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये गिटार वाजवली आहे, गणेशोत्सवाच्या मांडवांत जनरेटरच्या डळमळत्या व्होल्टेजवर दोन्ही जातींचे अ‍ॅम्प वापरले आहेत, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून कपॅसिटर आणून जुने अ‍ॅम्प स्वतःच्या हाताने उघडून दुरुस्त केले आहेत. समोर बसलेल्या श्रोत्यांना त्या दोन अ‍ॅम्पमधला फरक कधीच कळला नाही. बाजूला बसलेल्या कीबोर्डवाल्यालाही कळला नाही. मला मात्र सोलो कसा चालेल हे पहिल्या दोन ओळींतच कळत असे. मल्टिमीटर पाहून स्वयंपाकाची चव ठरवणाऱ्याला हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर फारसे थांबत नाही. बी. बी. किंग लॅब सिरीज एल५ हा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प वापरत असत. ही माहिती गिटारच्या विषयात रस असलेल्या प्रत्येकाला असते, आणि थोर वादक थोर वाजवतो यावरून अ‍ॅम्पबद्दल काही सिद्ध होत नाही. वजनाबद्दल बोलायचे तर जॅझ कोरस १२० स्वतःच सुमारे २८ किलोचा आहे. एकट्याने जिना चढवून पाहा आणि मग ट्यूबला जड म्हणा. ट्यूब महाग आहेत, २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीने त्या आणखी महागल्या, हे खरे. मी कुणाला कर्ज काढून एसी३० घ्यायला सांगितलेले नाही.

पुढची प्रतिक्रिया लिहिण्यापूर्वी एवढेच कळवावे: आपला पट्टीचा प्रयोग कोणत्या दोन अ‍ॅम्पवर झाला, दोन्हींना एकच स्पीकर जोडला होता का, आवाज मोजून सारखा केला होता का, आणि गिटार कुणाच्या हातात होती. तो प्रयोग झालेलाच नसेल, तर तेही एका वाक्यात लिहिले तरी चालेल.